आरमोरीच्या मुरमी वाटा

वैनगंगेच्या डाव्या तीरावर आरमोरी नांवाचें गांव आहे. नागपूरकडून ब्रह्मपुरीवरून येणारा मोठा रस्ता येथें नदी ओलांडतो आणि दक्षिणेस गडचिरोलीकडे वळतो. मोटारींतून जाणाऱ्या प्रवाशास आरमोरीची ओळख बहुधा तेवढीच घडते: एक लांब पूल, बाजाराची गर्दी, भाताच्या गिरण्या, आणि मग दोन्ही बाजूंनीं जवळ सरकत येणारें जंगल. परंतु या प्रदेशाचा खरा इतिहास त्या डांबरी रस्त्यावर नाहीं. तो त्या रस्त्यापासून पूर्वेकडे फुटणाऱ्या वाटांवर आहे. वैरागड, कुरखेडा, कोरची, रांगी, धानोरा, मुरुमगांव अशीं नांवें या वाटांवर एकामागून एक येतात. जसजसें पूर्वेस जावें तसतशा भाताच्या बांध्या मागें पडतात, जमीन चढूं लागते, आणि टिपागडच्या डोंगरांची निळी रांग झाडांच्या वर डोकावूं लागते. पायांखालची माती तांबडी होते. हाच इकडचा मुरूम. एका गांवाच्या तर नांवांतच तो येऊन बसला आहे.

अमेरिकेंत आणि युरोपांत अलीकडे सायकलस्वारांचा एक नवाच पंथ निघाला आहे. गुळगुळीत डांबरी रस्ता मुद्दाम टाळावयाचा, आणि खडीच्या, मातीच्या, रानांतल्या वाटांनीं दिवसचे दिवस सायकल हांकावयाची, हें या पंथाचें व्रत. कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांत २००६ सालापासून अशा रस्त्यांवर दोनशें मैलांची शर्यत होत आली आहे. इटलींतील तस्कनी प्रांतांत पांढऱ्या मातीच्या जुन्या रस्त्यांवर जुन्या घडणीच्या सायकलींची जत्रा १९९७ पासून भरते. आणि २०२२ सालीं या प्रकाराची जागतिक अजिंक्यपदाची शर्यतही इटलींतच पार पडली. त्याकरितां रुंद टायरांच्या वेगळ्या सायकली विकत मिळतात, व त्यांची किंमत ऐकली म्हणजे झाडीपट्टींतील शेतकरी कपाळाला हात लावील. गंमत अशी कीं, जो मार्ग तिकडे हौसेनें शोधून काढावा लागतो, तो इकडे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या नशिबींच आहे. आरमोरीच्या पूर्वेस मुरमावरून सायकल हांकणें हा खेळ नव्हे. तें बाजाराला, शाळेला, दवाखान्याला आणि तेंदूच्या पानांना जाणें आहे.

मुरूम म्हणजे ऊन, पाऊस आणि काळ यांनीं कुजविलेला खडक. त्यांत वाटाण्याएवढे खडे असतात, वाळू असते, आणि या दोहोंस धरून ठेवणारी चिकण माती असते. तिहींचें प्रमाण जमलें, वर बेताचें पाणी पडलें आणि रूळ फिरला, म्हणजे असा रस्ता हिवाळाभर फरसबंदीसारखा टणक राहतो. माती अधिक झाली तर पावसांत तो साबणासारखा निसरडा होतो. कमी पडली तर चैत्रापासून खडे सुटूं लागतात व धुळीचे लोट उठतात. स्कॉटलंडच्या मॅकॅडमनें (१७५६–१८३६) चांगल्या रस्त्याचें रहस्य दोन गोष्टींत सांगितलें होतें: खडी बारीक आणि सारखी फोडलेली असावी, आणि रस्त्याची बैठक उंच व कोरडी राहील अशा रीतीनें पाण्यास वाट द्यावी. पहिली गोष्ट वैनगंगेच्या खोऱ्यांत मनुष्यबळानें साधली. दुसरीचें मात्र कोडें कायम राहिलें. कारण हा मुलूखच पाण्याचा आहे. तलाव, बोड्या, भाताचे बांध, आणि डोंगरांतून पश्चिमेस धांवणाऱ्या गाढवी, खोब्रागडी, कठाणी या नद्या व त्यांचे असंख्य नाले. पूर्वेकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेला यांतलें कोणीतरी आडवें येतें.

या मुरमाची कीर्ति एके काळीं दिल्ली-आग्र्यापर्यंत पोंचली होती, हें आज कोणास खरें वाटणार नाहीं. आरमोरीपासून चार-पांच कोसांवर, खोब्रागडी नदीच्या कांठीं वैरागड आहे. तेथील जुना किल्ला, खंदक आणि भंडारेश्वराचें देऊळ पाहावयास आजही लोक जातात. त्या गांवाजवळ हिऱ्यांच्या खाणी होत्या, आणि अकबराच्या कारकीर्दींतील ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. हे हिरे खोल खडकांतून काढीत नसत. जांभ्यासारख्या तांबड्या कंकरी थरांत खड्डे खणून, माती धुऊन ते वेंचीत. ज्या मातीसाठीं बादशाही दप्तरांत ओळ लिहिली गेली, तिच्याच जातीची माती पुढें रस्त्यांवर पसरली गेली. हिरे संपले, गोंड राजांचें राज्य गेलें, भोंसल्यांचें आलें, आणि वैरागड हें एक लहानसें खेडें होऊन राहिलें. वाट मात्र मोडली नाहीं.

त्या काळीं वाट म्हणजे रस्ता नव्हे. लमाणांचे तांडे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांनिशीं छत्तीसगडाकडून व पूर्वेकडून येत. बैलाच्या पाठीवर मीठ येई, धान्य जाई. लादणीच्या बैलाला दोन झाडांमधून जाण्याइतकी जागा आणि मुक्कामाला पाणी एवढेंच लागतें. खूर पडून पडून जी रेघ उमटे तीच पुढच्या वर्षीची वाट. आजही डोंगराजवळच्या कांहीं वाटा एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्याकडे सरळ न जाता पाणवठ्याला वळसा घालून जातात, त्याचें कारण असल्याच गरजांत शोधलें पाहिजे.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि त्याबरोबर चांदा जिल्हा इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्यें मध्यप्रांत बनला. मेजर ल्यूसी स्मिथ यांनीं जमाबंदीच्या निमित्तानें हा जिल्हा पायाखालीं घातला व १८६९ च्या अहवालांत त्याचें तपशीलवार वर्णन केलें. पुढच्याच वर्षीं चार्ल्स ग्रँट यांनीं संपादिलेलें मध्यप्रांताचें गॅझेटियर निघालें. त्या काळच्या सरकारी वर्णनांतील आरमोरी हें उद्योगी गांव आहे. तेथें जाडें-भरडें व तलम कापड विणलें जाई, टसराचें म्हणजे कोशाचें सूत निघे, आणि बैलगाड्या तयार होत. ही शेवटची बाब ध्यानांत घेण्यासारखी आहे. जें गांव गाड्या बनवितें तें रस्त्यांच्या तोंडाशीं बसलेलें असावयाचेंच. पश्चिमेस नदीपलीकडे वर्धेच्या खोऱ्याकडे जाणारा व्यापार, पूर्वेस छत्तीसगड, आणि मध्यें सुतार-लोहारांचीं घरें. तुंबा, आरे, पाटे जुळवून त्यावर लोखंडाची तापलेली धांव चढविली म्हणजे चाक तयार. आणि हीच धांव त्या मुरमी वाटांची वैरीण ठरली. अरुंद लोखंडी धांव ओल्या मुरमाला सुरीसारखी कापते. एका गाडीनें कापलेल्या रेघेंत दुसरी जाते, दुसरीच्या रेघेंत तिसरी, आणि तिला चाकोरी असें नांव पडतें. आज शहरांतला मनुष्य कचेरींतल्या ठरीव कामाला चाकोरी म्हणतो. हा शब्द खऱ्या अर्थानें बघावयाचा असेल तर पौषांत वैरागडच्या बाजूला एखादी जुनी धुरा पाहावी. दोन्ही कडांना हातभर खोल रेघा आणि मध्यें गवताची पाठ.

जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्व भागांत जमीनदाऱ्या होत्या. रांगी, धानोरा, दुधमाळा, खुटगांव, मुरुमगांव, पलसगड, सोनसरी, गेवर्धा, कोटगल अशीं कितीतरी. बहुतेक जमीनदार गोंड. त्यांच्या हद्दींत सरकारी रस्ता जवळजवळ नव्हताच. होत्या त्या जंगलाच्या वाटा. मध्यप्रांतांत पक्क्या व मुरमी रस्त्यांच्या कामाला जोर चढला तो एका दुःखद कारणानें. १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा दोन दुष्काळांनीं प्रांत होरपळून काढला, आणि सरकारनें भुकेलेल्या लोकांस काम म्हणून खडी फोडावयास व माती टाकावयास लाविलें. पुरुष, बाया, मुलें हातोडी घेऊन उन्हांत बसत आणि ढीग मोजून धान्यापुरती मजुरी घेत. रस्त्यांचा इतिहास लिहिणारे अभियंत्यांचीं नांवें लिहितात. हे ढीग फोडणाऱ्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत.

त्यानंतर रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत बंगाल-नागपूर कंपनीची अरुंद मापाची गाडी गोंदिया, वडसा, नागभीडवरून चांद्यास जाऊन पोंचली. वडसा म्हणजे आतांचें देसाईगंज, आरमोरीच्या उत्तरेस. गाडी आली आणि प्रदेशाचा तोल बदलला. आरमोरीचें महत्त्व कमी झालें असें नाहीं. पण माल आतां गाड्यांनीं छत्तीसगडला किंवा वर्धेला न जातां वडशाच्या स्टेशनावर जाऊं लागला. सागवान, बांबू, डिंक, मोह, तेंदूचीं पानें, तांदूळ. जंगलखात्यानें आपले रस्ते आंखले ते लाकूड बाहेर काढण्यासाठीं, म्हणून ते डेपोकडे धांवतात. नकाशा उघडला म्हणजे हें डोळ्यांत भरतें: पूर्वेकडून पश्चिमेकडे येणारे रस्ते रुंद व बरे, पण एका खेड्यांतून शेजारच्या खेड्यांत जाणारी वाट पुष्कळदां नुसती पायवाट. बाहेर नेण्याची सोय आधीं झाली आणि आंत राहणाऱ्यांची मागाहून, तीही अपुरी. या तक्रारींत अतिशयोक्ति नाहीं. रस्त्यांची दिशाच तिची साक्ष देते.

या अपुरेपणाला उत्तर मिळालें तें कोणत्याही खात्याकडून नव्हे. तें दोन चाकांवर आलें. १८८५ मध्यें स्टार्लीनें इंग्लंडांत दोन सारख्या चाकांची व साखळीची सायकल बाजारांत आणली. १८८८ मध्यें बेलफास्टच्या डनलॉपनें आपल्या मुलाच्या तिचाकीस हवेची रबरी नळी बसविली. या दुसऱ्या शोधाचें महत्त्व शहरवासीयांस पुरतें कळत नाहीं. घट्ट रबरी वा लोखंडी चाक खड्याशीं भांडतें. हवेचें चाक त्याला पोटांत घेऊन पुढें जातें. बैलगाडीच्या धांवेनें जो मुरूम कापला जातो तोच सायकलीच्या टायराखालीं दाबला जातो. म्हणून एका खेड्यांतून शंभर सायकली रोज गेल्या तरी वाट बिघडत नाहीं, उलट मध्यें एक वीतभर रुंदीची गुळगुळीत रेघ पडते. आणि झाडीपट्टींतला सायकलस्वार चाकोरींत न उतरतां त्या रेघेवरून डोळे मिटून गेल्यासारखा जातो.

हिंदुस्थानांत सायकल आरंभीं साहेबाची व श्रीमंताची होती. मुंबईच्या पारशी तरुणांनीं १९२३ च्या ऑक्टोबरांत सायकलींवर जगप्रवासास प्रयाण केलें. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे वाळवंटें आणि जंगलें तुडवून १९२८ सालीं परत आले. त्यांनीं जवळजवळ एकाहत्तर हजार किलोमीटरांचा प्रवास केला होता, आणि त्यांतला मोठा भाग अशा वाटांवर होता कीं ज्यांना आजचे हौशी लोक मोठ्या अभिमानानें ‘ग्रॅव्हल’ म्हणतील. त्या तिघांस वेगळ्या टायरांची गरज भासली नव्हती. आरमोरीकडच्या खेड्यांत सायकल सामान्य मनुष्याच्या हातीं येण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. १९५० च्या आगेंमागें मद्रास, आसनसोल, सोनिपत येथें कारखाने निघाले. काळी, जड, बावीस-चोवीस इंची चौकटीची सायकल स्वस्त झाली. आणि ती लग्नांत जांवयाला देण्याची वस्तु बनली.

या काळ्या सायकलीनें जें केलें त्याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं. तिच्या कॅरिअरवर धानाचें पोतें आलें, जळाऊ लाकडाची मोळी आली, बाजारांतून मीठ-मिरची आली. मोहफुलांच्या दिवसांत पहांटे आणि तेंदूच्या हंगामांत मे महिन्याच्या उन्हांत ती रानांत गेली. आजाऱ्याला मागें बसवून, एकानें हँडल धरून आणि दुसऱ्यानें पाठ सांवरून तिनें नाल्यापर्यंत पोंचविलें. नाला आला म्हणजे सायकलच माणसाच्या खांद्यावर बसते. हा मान बैलगाडीला कधीं मिळाला नाहीं. आणि दिवाळीनंतर, कापणी आटोपली म्हणजे, मंडई भरूं लागतात, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकें चालतात. झाडीपट्टीच्या या रंगभूमीचें ठाणें वडसा. नट मंडळी गाड्यांनीं येतात. प्रेक्षक मात्र पांच-सहा कोसांवरून शालीं-घोंगड्यांत गुरफटून सायकलींनीं. एका सायकलीवर तिघे. नाटक सुटतें पहांटे. परततांना मुरूम दंवानें ओला असतो आणि चाकांचा आवाज येत नाहीं. पुण्या-मुंबईंत नाट्यगृहें रिकामीं पडल्याची हाकाटी दर दहा वर्षांनीं होते. झाडीपट्टीच्या नाटकांना ती चिंता पडली नाहीं, याचें थोडें श्रेय नटांना आणि थोडें या वाटांना.

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग तोडून गडचिरोली जिल्हा झाला आणि आरमोरी त्यांत गेली. याच सुमारास दक्षिणेकडून सशस्त्र नक्षलवादी चळवळ या जंगलांत शिरली, आणि रस्ता हा वादाचा विषय झाला. मुरमाच्या रस्त्यांत स्फोटकें पुरणें सोपें, डांबरी रस्त्यांत अवघड; म्हणून सरकारला डांबर हवें व चळवळीला तें नको, असा एक सरळ हिशेब पडला. त्याची किंमत दिसली ती १ मे २०१९ रोजीं. कुरखेड्याजवळ दादापूर येथें रस्त्याच्या कामावरील वाहनें रात्रीं जाळण्यांत आलीं. तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ सुरुंगानें उडविली गेली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक ठार झाले. तो दिवस महाराष्ट्र दिनाचा होता. त्या रस्त्यावरून शेतावर, बाजाराला जाणाऱ्या माणसांना कोणी विचारलें नव्हतें कीं रस्ता पाहिजे कीं नको.

विचारलें गेलें तें दुसऱ्या एका गांवांत, आणि विचारणारेही तेच होते. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवानें आपल्या सभेंत जंगलाचा कारभार स्वतः पाहण्याचा निश्चय केला. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ मध्यें त्या गांवास सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आणि २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. वरवर पाहतां ही कागदाची गोष्ट वाटेल. पण शंभर वर्षें ज्या रस्त्यावरून बांबू बाहेर गेला त्या रस्त्याच्या तोंडाशीं पहिल्यानेंच गांवाची सही लागली. याच कायद्यांत आणखी एक तरतूद आहे: शाळा, दवाखाना, रस्ता अशा गांवाच्या कामासाठीं ग्रामसभेच्या शिफारशीनें थोडी वनजमीन घेतां येते, आणि हेक्टरीं पंचाहत्तरांहून अधिक झाडें तोडतां येत नाहींत. रस्ता कोणाकरितां, या जुन्या प्रश्नाला कायद्यानें दिलेलें उत्तर त्या आंकड्यांत आहे.

डिसेंबर २००० मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेपासून खेड्यांच्या वाटांवर डांबर पडूं लागलें. जेथें पुलासह रस्ता झाला तेथें पावसाळ्याचे चार महिने लोकांना परत मिळाले, आणि याची तुलना कोणत्याही रमणीय वाटेशीं करूं नये. परंतु डांबर पडलें कीं ट्रक येतो, आणि ट्रक आला कीं सायकल कडेला जाते. शिवाय वैनगंगा कोणाचीच भीड धरीत नाहीं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यानें नदी फुगली आणि ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज, गडचिरोली भागांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. अशा वेळीं नवा रस्ता आणि जुनी वाट सारखींच.

सायकलीचा सर्वांत अलीकडचा अध्याय मुलींचा आहे. महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमांत मागासलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठीं सायकली दिल्या जातात, आणि त्यांत गडचिरोली जिल्हा आहे. चौथी-सातवीनंतर घरीं बसणारी मुलगी दोन-तीन मैलांवरच्या शाळेला जाऊं लागली, एवढ्या साध्या गोष्टीनें या वाटांची जितकी सेवा घडली तितकी जमीनदार, कंपनी व खातें यांनीं मिळून केली नसेल. सकाळीं नऊच्या सुमारास त्या टोळीनें निघतात. टोळीनेंच निघावें लागतें, कारण जंगल रिकामें नाहीं. २०२१ च्या ऑक्टोबरांत छत्तीसगडाकडून रानहत्तींचा कळप या जिल्ह्यांत उतरला आणि कुरखेडा-आरमोरीकडील धानाच्या बांध्या तुडवीत फिरला. वाघ तर पूर्वीपासूनचे. वडसा वनविभागांत व आसपासच्या जंगलांत तेरा माणसें मारलेला एक वाघ २०२२ च्या ऑक्टोबरांत बेशुद्ध करून पकडावा लागला. मेलेल्यांत सरपणाला, गुरांमागें, शेताला गेलेले लोक होते.

पांढऱ्या रस्त्यांवर हौसेनें सायकल हांकणारा परदेशी स्वार सायंकाळीं कोठेंतरी उपाहारगृहांत विसावतो. आरमोरीच्या पूर्वेकडील वाटांवर सायंकाळ वेगळी असते. शाळा सुटली कीं मुली पुन्हां टोळीनें निघतात, पुढची घंटी वाजविते, मागची ओरडून उत्तर देते, मधल्या लहानगीला दोघींच्या मध्यें ठेवितात. आणि सूर्य झाडांवर तांबूस असतांनाच, नाल्यावरचा रपटा ओलांडून, त्या आपापल्या टोल्यांच्या वाटेला वळतात.